ग्लॅमर, ग्रामर आणि गारुड

एका वाचकांचा प्रश्न असा आहे: जुन्या हॉलिवूडमधील अभिनेत्रींवरच्या लेखात त्यांनी ग्रेटा गार्बो आणि मार्लेन डिट्रिक यांना ‘ग्लॅमरस’ म्हटले होते; इंग्रजी शब्द नको म्हणून संपादकांनी त्या जागी सर्वत्र ‘मादक’ घातले. हे बरोबर आहे का, आणि नसेल तर मराठीत काय लिहावे?

बरोबर नाही. ही चूक मी इतक्या वेळा ऐकली आहे की आता ती ऐकताच राग येतो. ‘मादक’ हा शब्द मद्, म्हणजे नशा, या कुळातला असून मद्य आणि उन्माद हे त्याचे सख्खे भाऊबंद आहेत. ‘मोरोक्को’ (१९३०) या चित्रपटात डिट्रिक पुरुषी टेलकोट आणि उंच हॅट घालून गाते. अंग गळ्यापासून टाचेपर्यंत झाकलेले असताना पडद्यावरून नजर हलत नाही, त्याला ग्लॅमर म्हणतात. ग्लॅमर म्हणजे तोकडे कपडे, हा समज आपल्याकडच्या चित्रपटवार्तांनी रुजवलेला आहे आणि तो समूळ चुकीचा आहे.

ग्लॅमर हा मुळात ग्रामरच आहे; होय, शाळेत आपल्याला छळणारे तेच व्याकरण. ग्रीक भाषेत ‘ग्राम्मा’ म्हणजे अक्षर. मध्ययुगीन युरोपात अक्षरविद्या म्हणजे लॅटिनची विद्या, आणि ती मूठभरांपाशीच असल्यामुळे, जो माणूस पोथी उघडून न कळणाऱ्या भाषेत पुटपुटतो त्याला मंत्रतंत्रही येत असणार, अशी निरक्षर लोकांची खात्री होती. फ्रेंचमध्ये याच शब्दापासून ‘ग्रिम्वार’, म्हणजे जादूटोण्याची पोथी, तयार झाला. स्कॉटलंडमध्ये ग्रामरचा ग्लॅमर झाला आणि त्याचा अर्थ उरला केवळ मंत्र, त्यातही डोळ्यांवर टाकायचा मंत्र. ॲलन रॅमसे या स्कॉटिश कवीने १७२१च्या आपल्या संग्रहाला जोडलेल्या शब्दसूचीत म्हटले आहे की, सैतान, चेटके किंवा जादूगार दृष्टीला फसवतात तेव्हा ते बघणाऱ्याच्या डोळ्यांवर ग्लॅमर टाकतात असे म्हणतात. पुढे वॉल्टर स्कॉटच्या १८०५च्या काव्यात या ग्लॅमरच्या जोरावर तुरुंगाच्या भिंतीवरची कोळिष्टके महालातल्या भरजरी पडद्यांसारखी दिसू लागतात. आपल्या भाषेत याला नजरबंदी म्हणतात.

आता कोणी विचारील की ‘र’चा ‘ल’ कसा झाला. मराठी माणसाने तरी हे विचारू नये. ‘रलयोरभेदः’, म्हणजे र आणि ल यांत भेद नाही, हे आपल्या वैयाकरणांचे जुने वचन आहे. शिवाय एका शब्दात दोन ‘र’ आले की जीभ त्यांतला एक टाळू पाहते. दरिद्री माणसाला आपण ‘दळिद्री’ म्हणतो तेव्हा दोन ‘र’पैकी पहिल्याचा ‘ळ’ केलेला असतो. ग्रामरच्या दोन ‘र’पैकी पहिल्याचा ‘ल’ करणाऱ्या स्कॉटिश जिभेने याहून वेगळे काहीही केलेले नाही. हे साम्य मला ज्या दिवशी दिसले, तो दिवस मी विसरणार नाही.

ग्लॅमरचे मूळ आइसलँडिक भाषेत शोधणारे काही अभ्यासक आहेत. तिथल्या एका जुन्या सागेत, म्हणजे गद्य वीरकथेत, ग्लाम नावाचे भूत येते आणि ज्यांना वस्तू आहे त्याहून वेगळी दिसते, त्यांना ग्लामची दृष्टी लाभली आहे असे तिथे म्हटले आहे. कथा सुरेख आहे, परंतु सुरेख कथा म्हणजे पुरावा नव्हे. शब्दाच्या शेवटचा ‘र’ कुठून आला, याचे उत्तर या मंडळींना अगोदर द्यावे लागेल. रॉबर्ट बर्न्स या स्कॉटिश कवीने १७८९मध्ये चेटक्यांना उद्देशून लिहिताना ग्लॅमर आणि ग्रामर यांचे यमक जुळवले आहे. त्याच्या कानाला या दोन शब्दांचे नाते कळले होते, भुताच्या मागे लागलेल्या विद्वानांना ते कळत नाही.

हॉलिवूडने या शब्दाला नवा अर्थ दिला असे समजतात; माझ्या मते त्याने जुनाच अर्थ यंत्राने सिद्ध केला. दिग्दर्शक स्टर्नबर्ग डिट्रिकच्या चेहऱ्यासमोर बराच उंचावर दिवा लावून घेत असे. त्यामुळे नाकाखाली फुलपाखराच्या आकाराची सावली पडे, गालांत खळगे पडत आणि गालाची हाडे वर उठून दिसत. अशाच छायाप्रकाशाच्या ‘शांघाय एक्सप्रेस’साठी (१९३२) छायालेखक ली गार्म्स यांना ऑस्कर मिळाले. स्थिरचित्रांत छायाचित्रकार जॉर्ज हरेल यांच्या ८ × १० इंची निगेटिव्हवर शिसपेन्सिलीने काम करून अभिनेत्री जोन क्रॉफर्डच्या चेहऱ्यावरचे वांग घालवले जात.

हॉलिवूडची अभिनेत्री मर्ल ओबेरॉन हिचे उदाहरण तर आपल्या घरचे आहे. ती १९११मध्ये मुंबईत जन्मली, पण आपला जन्म टास्मानियातला असल्याचे ती जगाला सांगत राहिली, कारण तिचा अँग्लो-इंडियन वंश उघड झाला असता तर त्या काळच्या हॉलिवूडने तिला नायिका होऊ दिले नसते. १९३७मध्ये लंडनमध्ये मोटारीच्या अपघातात तिच्या चेहऱ्यावर व्रण राहिले. ते पडद्यावर दिसू नयेत म्हणून छायालेखक ल्युसियन बॅलर्ड यांनी कॅमेऱ्यालगत बसवायचा एक लहान दिवा तयार केला. समोरून सरळ पडणाऱ्या प्रकाशात व्रणाची सावलीच पडत नाही, आणि सावली नसली की डोळ्याला व्रण कळत नाही. त्या दिव्याला तिच्याच नावावरून ‘ओबी’ हे नाव पडले. रॅमसेने सांगितलेला, बघणाऱ्याच्या डोळ्यांवर टाकलेला ग्लॅमर तो हाच.

म्हणून मराठी प्रतिशब्दाबाबत माझे मत ठाम आहे. कोशांतून मिळणारे ‘झगमगाट’ आणि ‘मोहकता’ हे दोन्ही शब्द अपुरे आहेत. पहिल्यात माणूस नाही, दुसऱ्यात मंत्र नाही. खरा शब्द ‘गारुड’. सापाचा शत्रू गरुड. त्याच्या नावाने सापाचे विष उतरवण्याचा मंत्र तो गारुड. तो जाणणारा गारुडी. आणि गारुड्याचा खेळ बघून गर्दी खिळली की त्या खिळण्यालाही गारुडच म्हणतात. मंत्रापासून मोहापर्यंतचा जो प्रवास ग्लॅमरने स्कॉटलंडमधून केला, तोच गारुडाने आपल्या गावांच्या बाजारातून केला आहे.

अडचण एकच आहे: विशेषण. ‘गारुडी अभिनेत्री’ असे लिहिले तर वाचकाला पुंगी आणि टोपली दिसेल. तेव्हा विशेषणाचा हट्ट सोडून क्रियापद घ्यावे आणि ‘गार्बोने दोन पिढ्यांवर गारुड केले’ असे लिहावे. संपादक हेही मान्य करणार नसतील, तर मूळचा ‘ग्लॅमरस’ तसाच ठेवण्याचा आग्रह धरावा. ‘मादक’ मात्र छापू देऊ नये.