साबणाचं मार्जिन राहू द्या बाई, आधी पावती बघा

बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलंय. वय 64. यजमानांनी घेतलेले एका साबण-शाम्पू कंपनीचे शेअर त्यांच्या नावावर झालेत, आजच्या भावाने 1 लाख 40 हजारांचे. कंपनीचं ग्रॉस मार्जिन वर्षभरात 52 वरून 49 टक्क्यांवर आलं, असं पुण्याहून मुलाने फोनवर सांगितलं. त्या विचारतात, तर शेअर विकून पैसे ‘आमच्या बँकेत’ टाकू का? तिथे माझे 18 लाख आहेतच, साडेदहा टक्के मिळतात.

बाई, मार्जिनचं आधी उरकतो. शंभराच्या विक्रीत कच्चा माल आणि पॅकिंगला पूर्वी 48 जायचे, आता 51 जातात, इतकंच. साबणाचा जीव पाम तेलात. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्राने कच्च्या पाम तेलावरचं एकूण आयात शुल्क 5.5 वरून 27.5 टक्क्यांवर नेलं आणि मे 2025 च्या अखेरीस 16.5 वर आणलं. महाग घेतलेला साठा संपायला वेळ लागतो, म्हणून नफा-तोटा पत्रकात फरक मागाहून दिसतो. मधल्या काळात कंपन्या काय करतात ते मोरीतच दिसेल: वडी दहालाच, वजन मात्र घटलेलं. साबणावरचा जीएसटी 18 चा 5 झाला, पण विक्री जीएसटी वगळूनच धरतात, त्यामुळे तो यात आणू नका. नफा सावरायला जाहिरातीचा खर्च कापायला लागले तर मला कळवा. नुसत्या तीन टक्क्यांसाठी विकू नका.

आता खरं दुखणं. ठेवीच्या पावतीचा फोटो जोडलात ते बरं केलंत. वर कन्नडमध्ये ‘सौहार्द सहकारी नियमित’ (नियमित म्हणजे मर्यादित) असं छापलंय, म्हणजे ही सभासदांची सहकारी संस्था. बँक हा शब्द अख्ख्या पावतीवर कुठेच नाही. खाली ‘सभासद’ म्हणून तुमची सही आहे. मुलांच्या वह्या तपासताना वेलांटी चुकली तरी तुम्ही लाल गोल केला असता की!

पिग्मी न्यायला येणारा पोरगा म्हणाला, पाच लाखांचा विमा असतोच. असतो, पण बँकेतल्या ठेवीला. एका बँकेत एका माणसाला, व्याजासकट 5 लाख. सौहार्द संस्था कर्नाटकच्या 1997 च्या कायद्याखाली चालतात, बँकेचा परवाना नसेल तर तिथे हा विमा नाही. तुमच्या 18 लाखांवर विमा शून्य. पोराला कमिशन मिळतं याचा मला राग नाही, पण चौकशी न करता ठोकून द्यायचं? वर सात वर्षांत दामदुप्पटचा छापील तक्ता! तुम्हाला साडेदहा द्यायचे तर संस्थेला चौदा-पंधराने कर्ज द्यावं लागतं. त्या दराने कर्ज कोण उचलतो? बहुतेकदा ज्याला बँकेने दारात उभं केलं नाही तो.

हिशेब बघा. सोसायटीचं वर्षाचं व्याज 1 लाख 89 हजार. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत सध्याच्या 8.2 टक्क्यांनी 1 लाख 48 हजार, दर तिमाहीला हातात, मर्यादा 30 लाख. फरक 41 हजार, म्हणजे महिन्याला साडेतीन हजारही नाही. एवढ्यासाठी सगळं आयुष्य एका दुकानात गहाण? माझ्या मामांनी असंच केलं होतं. सहा वर्षं झाली, दर गणपतीला ‘पुढच्या महिन्यात’ ऐकतात.

घाबरून सगळं एकदम मोडू नका, मुदतीआधी व्याज कापतील. पावत्या मुदतीच्या तारखेप्रमाणे लावा आणि एकही नूतनीकरण करू नका. जशी सुटेल तशी रक्कम पोस्टात. औषधपाण्याचे दोनेक लाख राष्ट्रीयीकृत बँकेत राहू द्या.

आणि या आठवड्यात एक काम. सगळ्यात लहान, दोन लाखांची पावती घेऊन जा आणि मोडायची आहे म्हणून सांगा. पोरग्याला नको, थेट मॅनेजरला. रक्कम त्याच दिवशी खात्यात आली तर बाकीच्या पावत्या मुदतीपर्यंत थांबवू. ‘बाई, बसा, चहा घ्या, पुढच्या सोमवारी बघू’ असं झालं, तर घरी जाण्याआधी मला फोन करा.