खराडीहून लंडनला यायचंय, तर सीसीडब्ल्यूपी आधी करावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. खराडीत एका एमएसपीच्या (मॅनेज्ड सर्व्हिस प्रोव्हायडर, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांसाठी त्यांची कंत्राटी माणसं सांभाळणारी कंपनी) ऑपरेशन्समध्ये चार वर्षं झाली. ब्रिटिश क्लायंटच्या रिक्विझिशन्स (माणसांच्या मागण्या) आणि टाइमशीट फील्डग्लास या सॉफ्टवेअरवर सांभाळता, शिफ्ट दुपारी दीड ते रात्री साडेदहा. त्याआधी दोन वर्षं चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगारांचं मस्टर बघत होता, 'पण ते काही सीव्हीत घालत नाही'. आता बायकोसह लंडनला यायचंय. तर सीसीडब्ल्यूपी, म्हणजे 'सर्टिफाइड कंटिंजंट वर्कफोर्स प्रोफेशनल' हे बाहेरून घेतलेली, कायम नसलेली माणसं सांभाळण्याच्या कामाचं प्रमाणपत्र, आधीच स्वतःच्या खर्चाने करावं का, आणि व्हिसाला त्याचा उपयोग होतो का?

व्हिसाचं आधी सांगते. काडीचाही उपयोग होत नाही. स्किल्ड वर्कर व्हिसाचे गुण स्पॉन्सर कंपनी, कामाची पातळी, पगार आणि इंग्रजी यांवर मिळतात. असल्या प्रमाणपत्राला त्यात जागाच नाही. कोणी एजंट तसं सांगत असेल तर त्याचा फोन उचलू नका.

करावं का, हे मात्र एका वाक्यात सांगता येणार नाही. मी २०१७ साली पुण्याहून आले, रेडिंगला राहते आणि याच धंद्यात आहे. हे प्रमाणपत्र मी २०१९ मध्ये केलं. पैसे कंपनीने भरले होते.

प्रमाणपत्र देते स्टाफिंग इंडस्ट्री ॲनालिस्ट्स ही अमेरिकन संस्था. आधी वर्ग, मग परीक्षा. कंपनीत बाहेरची माणसं कुठल्या कुठल्या वाटेने येतात, सप्लायर कसे निवडायचे, रेट कार्ड कसं बांधायचं, व्हेंडर न्यूट्रल (सगळ्या सप्लायरना सारखी संधी) आणि मास्टर व्हेंडर (एकच मुख्य सप्लायर) यांत फरक काय, माणूस मोजून पैसे द्यायचे की काम मोजून (म्हणजे एसओडब्ल्यू, स्टेटमेंट ऑफ वर्क), धोके कुठे असतात, असा एकूण आराखडा त्यात मिळतो. तुम्ही चार वर्षं टाइमशीट अप्रूव्ह होते की नाही एवढंच बघत असाल, तर त्या टाइमशीटच्या वर किती मजले आहेत ते पहिल्यांदा दिसेल. तेवढ्यासाठी ते चांगलंच आहे, नावं ठेवणार नाही. पण ते जन्माने अमेरिकन आहे आणि त्याची भीतीही अमेरिकन आहे.

ही भीती कुठून आली ते कळलं की बरंच उलगडतं. नव्वदच्या दशकात मायक्रोसॉफ्टमध्ये 'तात्पुरती' म्हणून घेतलेली माणसं वर्षानुवर्षं तिथेच काम करत राहिली. तिथल्या लोकांनी त्यांना 'परमाटेम्प' असं नाव दिलं. ती माणसं कोर्टात गेली आणि २००० साली कंपनीने ९ कोटी ७० लाख डॉलरवर तडजोड केली. तेव्हापासून अमेरिकन कंपन्यांनी को-एम्प्लॉयमेंट (म्हणजे बाहेरच्या माणसाचे मालक आपणही ठरणं) या शब्दाची धास्ती घेतली. बाहेरच्या माणसाला इतके महिनेच ठेवायचं, मग सक्तीची सुट्टी, त्याचा बिल्ला वेगळ्या रंगाचा, टीमच्या पार्टीला बोलवायचं नाही, हे सगळं त्यातून आलं. तुमच्या फील्डग्लासमध्ये टेन्युअर लिमिटचा इशारा येतो ना, त्याच्यामागे हाच इतिहास आहे.

मी नेमकी इथेच तोंडावर आपटले. प्रमाणपत्र हातात आल्यावर काही महिन्यांनी, २०२०च्या सुरुवातीला, लंडनच्या एका बँकेत प्रोग्रॅम मॅनेजरच्या जागेसाठी मुलाखत होती. त्यांनी विचारलं, ''एक कॉन्ट्रॅक्टर चौदा महिने आमच्याकडे आहे. स्वतःच्या लिमिटेड कंपनीतून येतो, टीमच्या टेबलावर बसतो, त्याची रजा आमचा मॅनेजर मंजूर करतो. काय कराल?'' मी आत्मविश्वासाने सांगितलं की अठरा महिन्यांची मर्यादा घालीन आणि मग सहा महिन्यांचा खंड देईन. समोरच्या बाई शांतपणे म्हणाल्या, ''आणि एप्रिलपासून त्याचा टॅक्स कोण भरणार?'' माझ्याकडे उत्तर नव्हतं. नोकरी अर्थातच मिळाली नाही.

त्यांचा रोख आयआर ३५ कडे होता, म्हणजे अशा कॉन्ट्रॅक्टरच्या करासंबंधीच्या ब्रिटिश नियमाकडे. कायदा २०००चा आहे. कॉन्ट्रॅक्टरची लिमिटेड कंपनी मधून काढून टाकली तर तो क्लायंटचा नोकरच ठरला असता का, हा त्याचा प्रश्न. ठरत असेल तर तो 'इनसाइड', नोकरासारखा कर कापा. नसेल तर 'आउटसाइड'. पूर्वी हे कॉन्ट्रॅक्टर स्वतःच ठरवायचा, त्यामुळे बहुतेकांचं उत्तर काय यायचं ते तुम्हीच ओळखा. २०१७ पासून सरकारी खात्यांमध्ये आणि एप्रिल २०२१ पासून मध्यम व मोठ्या खासगी कंपन्यांमध्ये हा निर्णय क्लायंटवर आला. खासगीसाठी मुळात एप्रिल २०२० ठरलं होतं, कोविडमुळे वर्षभर पुढे गेलं. क्लायंटला कारणांसह लेखी निर्णय द्यावा लागतो, त्याला एसडीएस (स्टेटस डिटर्मिनेशन स्टेटमेंट) म्हणतात. कॉन्ट्रॅक्टरने हरकत घेतली तर ४५ दिवसांत उत्तर द्यायचं. नीट काळजी न घेता निर्णय दिला तर कराचा बोजा क्लायंटच्याच गळ्यात.

आणि इथे महिने मोजून काही सुटत नाही. तीन महिन्यांचा माणूस इनसाइड असू शकतो आणि तीन वर्षांचा आउटसाइड. बघतात ते वेगळंच: काम कसं करायचं हे कोण सांगतं, स्वतःऐवजी दुसऱ्याला पाठवता येतं का, काम देण्याचं आणि घेण्याचं बंधन दोन्ही बाजूंना आहे का. याचं मूळ १९६८च्या रेडी मिक्स्ड काँक्रीट खटल्यात आहे. एका ड्रायव्हरने स्वतः हप्त्यावर लॉरी घेतली होती, पण ती कंपनीच्या रंगात रंगवलेली, अंगावर गणवेश कंपनीचा आणि माल फक्त कंपनीचा वाहायचा. ऐकताना नोकरच वाटतो की नाही? कोर्टाने त्याला स्वतंत्र धंदेवाला ठरवलं, कारण लॉरी त्याची होती, ती चालती ठेवणं त्याच्या अंगावर होतं आणि तो बदली ड्रायव्हर लावू शकत होता. रंगावरून काही ठरत नाही, हे मी त्या लॉरीवरून शिकले.

एजन्सीमार्फत आलेल्या तात्पुरत्या माणसांचं गणित आणखी वेगळं. बारा आठवडे एकाच जागी एकच काम केलं की त्यांना पगार आणि कामाच्या मूळ अटी कायम नोकरासारख्या द्याव्या लागतात. कँटीन वापरण्याचा हक्क तर पहिल्या दिवसापासून. हा नियम ऑक्टोबर २०११ पासून आहे. इथे महिने नाही तर आठवडे मोजायचे असतात, आणि मध्ये सहा आठवड्यांपर्यंतचा खंड पडला तरी घड्याळ शून्यावर जात नाही. टाइमशीट बघणाऱ्या तुमच्यासारख्या माणसाने हे पाठ केलं तर मुलाखतीत लगेच वेगळे दिसाल.

आता चाकण. ते सीव्हीतून का काढलंत? इथले लोक आता ज्या प्रश्नांनी हैराण आहेत ते तुम्ही मस्टरवर बसून रोज बघितलेत. मूळ नियोक्ता म्हणून कंपनीने फॉर्म पाच द्यायचा, त्याशिवाय ठेकेदाराला लायसन नाही. ठेकेदाराने पगार बुडवला तर १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या कलम २१(४) प्रमाणे कंपनीने तो भरायचा आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायचा. (२१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा नव्या संहितेत गेला, पण तुमचा अनुभव जुन्याचा आहे, तसाच लिहा.) ब्रिटनमध्ये ६ एप्रिल २०२६ पासून अंब्रेला कंपनीने (कॉन्ट्रॅक्टरला स्वतःच्या पगारपटावर घेऊन त्याचा कर कापणाऱ्या मधल्या कंपनीने) कर बुडवला तर तो एजन्सीकडून, आणि मध्ये एजन्सी नसेल तर क्लायंटकडून वसूल करण्याची तरतूद आहे. मधल्या माणसाने बुडवलं की वरच्याने भरायचं. हे तत्त्व तुम्हाला कोणी शिकवायला नको. सीव्हीत 'कंत्राटी कामगार कायद्याचं अनुपालन, इतके ठेकेदार, इतके कामगार' अशी एक ठसठशीत ओळ घाला. थर्ड पार्टी पेरोल म्हटलं की आपल्याकडे नाक मुरडतात, तसं इथे होत नाही.

अंब्रेलाबद्दल घरचा अनुभव. माझा नवरा टेस्टर आहे, स्वतःच्या लिमिटेड कंपनीतून काम करायचा. २०२१ मध्ये त्याच्या क्लायंटने एका ईमेलने सगळ्याच कॉन्ट्रॅक्टरना अंब्रेलावर जायला सांगितलं, कोणाचं कामही न बघता. दिवसाचा दर तोच राहिला. पण त्या दरातून आधी मालकाच्या वाट्याचा नॅशनल इन्शुरन्स गेला (तेव्हा १३.८ टक्के, आता १५), मग अंब्रेलाची फी, आणि उरलेल्यावर त्याचा स्वतःचा कर. पहिली पेस्लिप बघून तो बराच वेळ बोलला नाही. त्या दिवशी मला माझं काम कळलं असं म्हणायला हरकत नाही.

पुन्हा तुमच्या व्हिसाकडे. २२ जुलै २०२५ पासून, काही तात्पुरते अपवाद सोडले तर, काम पदवी पातळीचं लागतं, आणि पगार साधारणपणे किमान ४१,७०० पौंड किंवा त्या कामाचा ठरलेला दर, यांतला जो जास्त असेल तो. कोऑर्डिनेटरची जागा यात बसणं अवघड आहे. ॲनालिस्ट किंवा प्रोग्रॅम मॅनेजर म्हणून यायची तयारी करा. गंमत अशी की कॉन्ट्रॅक्टर सांभाळणारे तुम्ही स्वतः मात्र लिमिटेड कंपनीतून कॉन्ट्रॅक्टर होऊ शकणार नाही, त्यामुळे दिवसाच्या दराच्या जाहिराती बघण्यात वेळ घालवू नका. तुमची बायको डिपेंडंट म्हणून आली तर तिला नोकरी आणि स्वतःचा धंदा दोन्हीची मुभा आहे. आमच्याकडे नेमकं तेच झालं.

आणखी एक गोष्ट एमएसपीवाले स्वतःहून सांगत नाहीत. तुम्हाला क्लायंटच्या ऑफिसात बसवणार असतील, तर क्लायंटची रोजची रिकामी जागा भरायला माणूस पुरवणं स्पॉन्सरशिपच्या नियमांत बसत नाही. सेवा एमएसपीने द्यायची आणि तुम्ही त्यांच्या हाताखाली काम करायचं, हे कागदावर असलं पाहिजे. ऑफर आल्यावर हे स्पष्ट विचारा. हेल्थ सरचार्ज (सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरायची रक्कम) कोण भरणार तेही विचारा. माणशी वर्षाला १,०३५ पौंड, म्हणजे दोघांचे तीन वर्षांचे ६,२१० आणि तेही आगाऊ. तुमचीच कंपनी ट्रान्सफरवर पाठवत असेल तर व्हिसा ग्लोबल बिझनेस मोबिलिटीचा आहे का बघा. त्यावर इथे कायमचं राहता येत नाही.

तर क्रम मी असा लावेन. आत्ता फुकटात होणारा अभ्यास करा. एचएमआरसीचं (ब्रिटिश कर खात्याचं) 'सेस्ट' हे इनसाइड की आउटसाइड ते सांगणारं साधन ऑनलाइन कोणीही वापरू शकतं. तुमच्या क्लायंटकडच्या चार-पाच कॉन्ट्रॅक्टरचं काम डोळ्यांसमोर आणून (नावं न घालता) ते भरा आणि एक उत्तर बदललं की निकाल कसा फिरतो ते बघा. त्यांचं एम्प्लॉयमेंट स्टेटस मॅन्युअलही खुलं आहे, रोज दोन पानं वाचा. खराडीतल्या मॅनेजरकडे एसडीएसचं काम मागून घ्या, बहुतेक ठिकाणी ते कोणालाच नको असतं. सीसीडब्ल्यूपीची फी डॉलरमध्ये आहे आणि ते टिकवायला पुढेही अभ्यास दाखवावा लागतो, म्हणून ते कंपनीच्या पैशानेच करा, इथे किंवा तिथे. प्रोक्युअरमेंटच्या (खरेदीच्या) बाजूला जायचं असेल तर सीआयपीएस या खरेदी क्षेत्रातल्या ब्रिटिश संस्थेच्या परीक्षा पुण्यात असतानाच सुरू करता येतील. त्यांना वेळ लागतो, पण इथल्या खरेदी विभागांत ते नाव जास्त ओळखीचं आहे.

सीव्ही पाठवणार असाल तर चाकणची ओळ घालून पाठवा, बघते.