पीपीएम, टक्के आणि पंपाचा हिशेब

प्रश्न : कपाशीची पातेगळ (कळ्या गळणं) कमी व्हावी म्हणून एनएए हे संजीवक (पिकाची वाढ-गळ नियंत्रित करणारं औषध) २० पीपीएम फवारायला सांगितलं आहे. बाटलीवर ४.५ टक्के लिहिलंय. १५ लिटरच्या पंपाला किती घ्यायचं? सोबत १९:१९:१९ हे खत अर्धा टक्का सांगितलंय, ते किती?

उत्तर : खताचं आधी सांगतो, ते सोपं आहे. एक टक्का म्हणजे १०० लिटर पाण्याला १ किलो, लिटरला १० ग्रॅम. अर्धा टक्का म्हणजे लिटरला ५ ग्रॅम, पंपाला ७५ ग्रॅम. इथे खताचं अख्खं वजन धरायचं, आतलं नत्र, स्फुरद, पालाश वेगळं काढत बसायचं नाही. २ टक्के युरिया म्हटलं तरी तसंच, पंपाला ३०० ग्रॅम.

संजीवकाचा हिशेब मात्र वेगळा, आणि चूक नेमकी इथेच होते. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग. फवारणीच्या पातळ द्रावणात १ पीपीएम म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम. २० पीपीएमने १५ लिटरला ३०० मिलिग्रॅम लागतात. पण हे ३०० मिलिग्रॅम शुद्ध एनएएचे आहेत, बाटलीतल्या पाण्यासकटचे नाहीत! बाटली ४.५ टक्क्यांची, म्हणजे १०० मिलीत साडेचार ग्रॅम, एका मिलीत ४५ मिलिग्रॅम. ३०० ला ४५ ने भागा : ६.७ मिली. तुमच्या पंपाला एवढंच घ्यायचं. पंप २० लिटरचा असेल तर ८.९ मिली.

"२० पीपीएम म्हणजे पंपाला २० मिली" असं समजून कुणी ओतलं तर द्रावण ६० पीपीएमचं होतं, सांगितल्याच्या तिप्पट. हेच एनएए जास्त मात्रेत काही फळझाडांची फळं विरळ करायला वापरतात. म्हणून कळकळीने सांगतो, इथे "थोडं जास्त घालू" करू नका. गळ थांबवायला गेलात आणि गळ वाढली, असं व्हायला नको.

मोजायला बाटलीचं टोपण वापरू नका. बिनसुईची १० मिलीची सिरिंज घ्या, तिच्यावर रेघा स्पष्ट असतात. ती फक्त औषधासाठीच ठेवा, घरात परत नेऊ नका. सिरिंजमधलं संजीवक आधी मगभर पाण्यात मिसळा, मग अर्ध्या भरलेल्या टाकीत ओता, काठीने ढवळा आणि वरचं पाणी पूर्ण करा. टाकी खरंच १५ लिटरची आहे का, तेही एकदा मापाने पाणी ओतून बघा.

बाटलीवरच्या टक्क्यांचीही एक खोच आहे. काही ठिकाणी टक्के वजनाला वजन असतात, म्हणजे १०० मिलीत नव्हे, १०० ग्रॅम द्रवात किती ग्रॅम ते. ग्लायफोसेट ४१ टक्के या तणनाशकाचं उदाहरण बघा : एका लिटरात ४१० नाही, सुमारे ४८० ग्रॅम क्षार असतो, कारण ते द्रव पाण्यापेक्षा जड आहे. एनएएसारख्या पातळ द्रावणात हा फरक नगण्य.

जिब्रेलिक ॲसिड या दुसऱ्या संजीवकाची पूड वापरणार असाल तर हिशेब तोच : शुद्ध १ ग्रॅम १०० लिटरमध्ये म्हणजे १० पीपीएम. पुडी ९० टक्क्यांची असेल तर १.११ ग्रॅम घ्या. ती थेट पाण्यात नीट विरघळत नाही, आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवून घ्या.

लेबलवरच्या मात्रेत आणि तुमच्या गणितात मोठा फरक दिसला, तर फवारणी थांबवा आणि बाटलीच्या लेबलचा फोटो मला पाठवा.