ते क्रीम आजच बंद कर

प्रश्न : मी २६ वर्षांची आहे, डिसेंबरात लग्न आहे. माझ्या योनीचे आतले ओठ बाहेर लोंबतात, डावा जास्त. रंगही काळपट आहे. इंटरनेटवरच्या फोटोंत असं कुणाचंच दिसत नाही. हॉस्टेलमध्ये एक मैत्रीण म्हणाली होती, ‘तसलं’ केलेल्या मुलींचं असं होतं. मी कधीच कुणाबरोबर काही केलेलं नाही, पण नवऱ्याला तसं वाटलं तर? दोन आठवडे गोरेपणाचं क्रीम लावतेय, आता आग होते. एका क्लिनिकने लेझर आणि ऑपरेशनचं पॅकेज सांगितलंय. आईजवळ बोलायची लाज वाटते. काय करू, ताई?

उत्तर : ट्यूबवरची नावं तू पत्रात उतरवलीस, हे फार बरं केलंस. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. हे मिश्रण त्वचेचे डॉक्टर चेहऱ्यावरच्या वांगासाठी थोडे दिवस लिहून देतात, खालच्या जागेसाठी ते नाही. मोमेटासोन हे स्टेरॉइड आहे. तिथली कातडी मुळात नाजूक, त्यात सतत झाकलेली आणि दमट, त्यामुळे औषध जास्त मुरतं, कातडी पातळ होते आणि बुरशीचा संसर्ग सहज होतो. तेव्हा आजपासून ते बंद. नुसत्या पाण्याने धू. साबण नको, सुगंधी वॉश नको. सैल सुती चड्डी घाल. चार दिवसांत आग थांबली नाही, तर ट्यूब सोबत घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.

आता तुझ्या मैत्रिणीच्या त्या वाक्याबद्दल, कारण खरा काटा तिथेच रुतलाय. ते साफ खोटं आहे. आतले ओठ वाढतात ते वयात येताना, हार्मोन्समुळे. संबंधांमुळे ते लांबत नाहीत, हस्तमैथुनानेही नाही. त्यांच्याकडे बघून कुठल्याही बाईचा पूर्वेतिहास कुणालाच सांगता येत नाही, डॉक्टरलाही नाही. आणि समजा, तू आधी कुणाबरोबर काही केलं असतंस, तरी माझं उत्तर हेच असतं. मला राग येतो तो याचा, की बाईच्या चारित्र्याचा दाखला तिच्या कातडीत शोधायची ही रीत एका हॉस्टेलच्या खोलीतून थेट तुझ्या लग्नापर्यंत पोचली.

लंडनमधल्या डॉक्टरांनी २००५ मध्ये ५० स्त्रियांची मापं घेऊन प्रसिद्ध केली. आतल्या ओठांची रुंदी कुणाची ७ मिलिमीटर, कुणाची ५०. त्यांतल्या ४१ जणींची तिथली त्वचा आजूबाजूच्या त्वचेपेक्षा गडद होती. पुढे २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नला साडेसहाशेहून जास्त स्त्रियांची मापं घेतली, तिथेही हाच प्रकार : इतका फरक, की ‘नॉर्मल’ असं एक माप सांगताच येईना. एक बाजू मोठी असणं तर नेहमीचंच. गडद रंगही हार्मोन्सचाच परिणाम. स्तनाग्रांचा असतो तसा. गरोदरपणात तो आणखी गडद होतो. तो मळ नाही, घासून जाणार नाही.

मग तुला ‘असं कुणाचंच’ का दिसलं नाही? कारण तू पाहिलेस ते निवडलेले आणि दुरुस्त केलेले फोटो. ऑस्ट्रेलियात तर सेन्सॉरच्या नियमांमुळे मासिकांतल्या नग्न चित्रांतून आतले ओठ खोडून टाकत असत. आणि खऱ्या बायका तुला दिसणार कुठे? आपल्या घरांत पहिल्या पाळीला पॅड कसं लावायचं ते सांगतात, बाकी सगळं ‘तिकडे बघू नये’ या एका वाक्यात संपतं.

त्या क्लिनिकला ॲडव्हान्स देऊ नकोस. औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेने जुलै २०१८ मध्ये योनीच्या लेझर ‘रिज्युव्हिनेशन’बद्दल, म्हणजे योनी ‘पुन्हा तरुण’ करून देण्याच्या उपचारांबद्दल, इशारा दिला होता, त्यात भाजणं, व्रण आणि कायमच्या दुखण्याच्या तक्रारी नोंदल्या आहेत. ऑपरेशनचं म्हणशील तर हे ओठ संवेदनांनी भरलेले असतात. कापल्यावर व्रण दुखू शकतो, संवेदना कमी होऊ शकते आणि कापलेलं परत येत नाही. सायकल चालवताना ते ओढले जाऊन दुखत असतील, वरचेवर सोलवटत असतील, तर गोष्ट वेगळी. तेव्हाही पहिल्यांदा स्त्रीरोगतज्ज्ञ, पॅकेज विकणारे नाहीत.

होणाऱ्या नवऱ्याला लग्नाआधी काही सांगायची गरज नाही, सांगण्यासारखं काही नाहीच. पुढे तो कधी काही बोलला, तर जे मी तुला सांगितलं तेच त्याला सांग, मान खाली न घालता. त्यालाही कुणी शिकवलेलं नसतं. समजावूनही तो टोमणे मारत राहिला, तर तो त्याच्या वागण्याचा प्रश्न आहे आणि तो तुझ्या अंगावर ऑपरेशन करून सुटणार नाही.

आईला आत्ताच सांगायला हवं असं नाही. पण एकदा डॉक्टरबाईंना दाखवून ये. खाज, पांढरे चट्टे, फोड, गाठ किंवा वेगळा वास असेल तर मुळीच थांबू नकोस. सरकारी रुग्णालयातला स्त्रीरोग विभागही चालेल, केसपेपर काढताना ‘आग होतेय’ एवढंच सांग. आत गेल्यावर तोंडातून शब्द फुटेना, तर हे पत्रच त्यांच्या हातात दे.

— ताई