राणी माशी रॉयल जेलीमुळे होते की पराग न मिळाल्यामुळे?

तुमचा प्रश्न असा: राणी आणि कामकरी माशी एकाच प्रकारच्या अंड्यातून येतात, मग फरक रॉयल जेलीचाच, म्हणजे कामकरी माश्या अळ्यांना भरवतात त्या पोषक स्रावाचाच ना? त्यात हे छोटे आरएनए (डीएनएसारखेच, पण आखूड रेणू) कुठून आले?

मी जीवशास्त्र शिकलो आणि हौसेने सातेरी मधमाश्यांच्या पेट्या सांभाळतो. बरीच वर्षं माझीही समजूत हीच होती. पण सुरुवातीचे जवळपास तीन दिवस जेली सगळ्याच अळ्यांना मिळते. पुढे राणीच्या अळीला तीच भरभरून मिळत राहते, कामकरीच्या अळीला मात्र परागमिश्रित खाणं. युरोपीय मधमाशीच्या राणीच्या एकेका अंडाशयात साधारण 150 वर अंडनलिका असतात, कामकरीच्या फार तर दहा-बारा. जनुकं मात्र सारखीच.

आता ते छोटे आरएनए. त्यातला मायक्रोआरएनए म्हणजे जेमतेम 22 अक्षरांची चिठ्ठी. तिच्यापासून प्रथिन बनत नाही. दुसऱ्या जनुकाचा संदेश निघाला की ती त्याला जाऊन चिकटते, आणि त्याचं प्रथिन बनणं थांबतं किंवा मंदावतं. 2017 मध्ये चिनी संशोधकांनी दाखवलं की परागाच्या खाण्यात वनस्पतींचे मायक्रोआरएनए जेलीपेक्षा बरेच जास्त असतात. त्यातला एक, एमआयआर-162ए, अळीच्या 'टॉर' जनुकाला दाबतो. टॉर म्हणजे पेशीला 'खायला मुबलक आहे, वाढ' असं सांगणारं जनुक. ते दबलं की वाढ रेंगाळते, अंडाशय लहान राहतात. फळमाशीवरही असाच परिणाम दिसला.

झाडाचा आरएनए पचनातून तगून प्राण्याच्या जनुकावर चालतो, हे ऐकून बरेच जण अजून नाक मुरडतात. मीही त्यावर डोळे झाकून पैज लावणार नाही. 2008 चा ऑस्ट्रेलियातला प्रयोग मला जास्त आवडतो: अळ्यांना छोटा आरएनए टोचून डीएनए-मिथिलेशनचं, म्हणजे डीएनएवर रासायनिक खुणा लावण्याचं, एक जनुक गप्प केलं, तर बहुतेक अळ्यांच्या राण्या झाल्या, अंडाशय पूर्ण वाढलेले.

आणि कामकरी कायमची वांझ नसते बरं. मागच्या पावसाळ्यात माझ्या एका पेटीतली राणी गेली, मला पत्ता लागला उशिरा. फ्रेम उचलून पाहतो तर पोळ्याच्या एकेका घरात तीन-चार अंडी, काही तर भिंतीलाच चिकटवलेली, कारण कामकरीचं आखूड पोट तळापर्यंत पोचत नाही. अशा अंडी घालणाऱ्या कामकरींच्या अंडाशयात काही मायक्रोआरएनएंचं प्रमाण बदललेलं आढळलंय. माझ्या पेटीत त्या अंड्यांतून निघाले ते सगळे नर.