हिरवं रक्त, लाल स्टिकर : गेमच्या वयाबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही मुलं आणि व्हिडिओ गेम यावर प्रश्न मागवले होते. एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना उत्तर देणं जागेअभावी जमणार नाही, पण ज्यात बऱ्याच जणांचं मनातलं आलंय असे पाच प्रश्न घेतलेत.

प्रश्न : माझा मुलगा १३ वर्षांचा आहे, शाळेतून आला की बीजीएमआय, तो मोबाईलवरचा गोळीबाराचा गेम. मी ओरडले की म्हणतो, आई यातलं रक्त हिरवं आहे, हा लहान मुलांसाठीच केलाय. हे खरंय का? – एक आई, सातारा

ताई, रक्त हिरवं आहे हे खरं, पण म्हणून गेम १३ वर्षांच्या मुलासाठी झाला हे काही खरं नाही. ते हिरवं कसं झालं ते सांगते म्हणजे तुम्हाला त्याच्याशी बोलता येईल. पबजी मोबाईलवर २ सप्टेंबर २०२० ला बंदी आली, एकूण ११८ ॲप्स होती त्या यादीत, आणि कारण दिलं होतं देशाची सुरक्षा आणि डेटा, म्हणजे आयटी कायद्याचं कलम ६९ए. मारामारी, रक्त, मुलांचं वय यातलं काहीच त्या कारणात नव्हतं. पण आईबापांचा राग त्याआधीपासून साचलेला होताच, २०१९ च्या मार्चमध्ये राजकोट पोलिसांनी शहरात हा गेम खेळायलाच बंदी केली आणि खेळताना सापडले म्हणून कॉलेजच्या पोरांना पकडलं, त्याच वर्षी मुंबई हायकोर्टात एका ११ वर्षांच्या मुलाच्या नावाने याचिकाही आली की हा गेम बंद करा. त्यामुळे क्राफ्टन कंपनीने २ जुलै २०२१ ला तोच गेम नवीन नावाने, म्हणजे बीजीएमआय म्हणून, आणला तेव्हा सरकार आणि पालक दोघांचीही समजूत घालायची होती. मग रक्त हिरवं, 'किल'च्या जागी 'फिनिश', १८ च्या आतल्यांना दिवसाला तीन तास, पालकांचा फोन नंबर द्यायचा, आणि खर्चाची मर्यादा दिवसाला ७००० रुपये. दिवसाला सात हजार! किती घरांचा महिन्याचा किराणा यात येतो ते तुम्हीच सांगा. ही मर्यादा मुलांची काळजी म्हणून ठेवली होती हे मला आजही पटत नाही.

आता मी स्वतः काय पाहिलं ते सांगते. दिवाळीत बहिणीकडे गेले होते, भाचा ११ वर्षांचा, दिवाणावर आडवा पडून खेळत होता, कानात हेडफोन. मी शेजारी बसले आणि म्हटलं एक कान मला दे. स्क्रीनवर हिरवे शिंतोडे उडत होते ते मला काहीच वाटलं नाही, खरंच काही नाही. पण कानात जे आलं ते ऐकून मी गारच पडले. स्क्वॉडमधला कुणीतरी मोठा माणूस, आवाजावरून पंचविशीचा तरी असेल, आईबहिणीवरून शिव्या देत होता आणि मधेच विचारत होता की तू कुठल्या गावचा, घरी कोण कोण असतं. आणि भाचा उत्तर देत होता! गावाचं नाव सांगून झालं होतं. मी माईक बंद केला तर तो माझ्यावर चिडला, म्हणाला मावशी तो आपल्या टीममधला आहे.

म्हणून सांगते, रक्ताचा रंग बदलला की मोठ्यांचं समाधान होतं, पण त्याच गेममधलं व्हॉइस चॅट, खरेदी, रात्री बाराला 'अजून एकच मॅच' हे सगळं तसंच राहतं. त्याला ओरडण्याआधी दोन मॅच त्याच्या शेजारी बसा, हेडफोन काढून स्पीकरवर. मग प्ले स्टोअर उघडून गेमच्या नावाखालचा वयाचा आकडा दोघं मिळून बघा. आणि प्ले स्टोअरमध्ये प्रोफाइल फोटोवर टॅप करून सेटिंग्स, मग फॅमिली, मग पॅरेंटल कंट्रोल्स, तिथे पिन टाकून वयाची मर्यादा ठरवता येते. मात्र आधी इन्स्टॉल केलेला गेम त्याने आपोआप जात नाही. तो हाताने काढायचा, आणि शक्यतो त्याच्याशी बोलून काढायचा.

प्रश्न : आम्ही चार वर्षांपासून स्टुटगार्टला असतो. मुलगा १५ चा आहे. इथल्या दुकानात त्याला लाल १८ चा स्टिकर असलेला गेम दिला नाही, मी बाहेर गाडीत होतो तरी नाही. भारतात कुणी विचारत नाही. इथे एवढं कडक का? आणि सुट्टीत पुण्याहून तोच गेम आणला तर? – एक वडील, जर्मनी

दुकानदाराचं बरोबर होतं, त्याच्यावर राग धरू नका. जर्मनीत यूएसके नावाची संस्था १९९४ पासून गेम तपासते, आणि २००३ पासून तिच्या आकड्यांना कायद्याचा आधार आहे. ० पांढरा, ६ पिवळा, १२ हिरवा, १६ निळा, १८ लाल. लाल स्टिकरचा डबा अल्पवयीन मुलाला विकला तर दुकानदाराला ५० हजार युरोपर्यंत दंड होऊ शकतो. पण कायदा विकणाऱ्याला बांधतो, तुमच्या घरात काय खेळायचं हा निर्णय तुमचाच. म्हणजे पुण्याहून आणलात तर कुणी दारात येणार नाही, पण डबा बदलला म्हणून आतला गेम बदलत नाही हे लक्षात असू द्या.

एवढं कडक का, तर त्याला तिथला इतिहास आहे. मला या विषयातला हा भाग सगळ्यात जास्त विचार करायला लावतो म्हणून जरा सविस्तर लिहिते. नव्वदच्या दशकात जर्मनीत एखादा गेम मुलांना घातक म्हणून सरकारी यादीत गेला की त्याची जाहिरात करता यायची नाही, दुकानात समोर मांडता यायचा नाही, म्हणजे धंदाच संपला. म्हणून कंपन्या आधीच कात्री लावायच्या. हाफ-लाइफ हा १९९८ चा गेम, त्यात तुमच्यावर गोळ्या झाडणारे सैनिक जर्मन आवृत्तीत रोबो झाले, आणि शास्त्रज्ञांना गोळी मारली तर ते मरत नसत, खाली बसून मान हलवत बसत. टीम फोर्ट्रेस २ मध्ये माणसाच्या चिंधड्या उडायच्या जागी गियर, स्प्रिंगा, बर्गर आणि रबराची बदकं पडायची. अमेरिकेतल्या मुलाला माणूस, जर्मनीतल्या मुलाला यंत्र, बंदूक मात्र दोघांच्या हातात तीच, नेम धरणं तेच. मुलाला बंदुकीपासून लांब ठेवायचं होतं की मोठ्यांना ती नजरेआड करायची होती, हा प्रश्न मला तिथे पडतो.

पण त्याच जर्मनीची एक गोष्ट मला मनापासून आवडते. वुल्फेनस्टाइन ३डी या १९९२ च्या गेममध्ये नाझींशी लढायचं असतं आणि भिंतींवर स्वस्तिकं आहेत, म्हणजे नाझींचं ते चिन्ह, आपलं दारावरचं नव्हे. तिथे ते चिन्ह दाखवणं गुन्हा, म्हणून १९९४ मध्ये तो गेम जप्तच झाला. सिनेमात कला म्हणून चालायचं, गेमला ती सूट नव्हती. २०१७ च्या वुल्फेनस्टाइनच्या जर्मन आवृत्तीत तर हिटलरची मिशी काढून नावही बदललं, 'हायलर' केलं. नाझींच्या विरोधातला गेम आणि त्यात नाझीच ओळखू येऊ नयेत, हे लोकांना खुपलंच. शेवटी ऑगस्ट २०१८ मध्ये यूएसकेने ठरवलं की प्रत्येक गेम वेगळा बघू, संदर्भ बघू. आणि २०१९ मध्ये तो जुना वुल्फेनस्टाइनही यादीतून बाहेर आला. चूक कळल्यावर नियम बदलायला २५ वर्षं लागली, पण बदलला.

२०२३ पासून तर यूएसके वयाचा आकडा ठरवताना चॅट आणि गेममधली खरेदीसुद्धा धरते. ईए स्पोर्ट्स एफसी २४ हा साधा फुटबॉलचा गेम, रक्ताचा थेंब नाही, बाकी युरोपात गेमला वयाचा आकडा देणाऱ्या पेगीने त्याला ३ दिला, जर्मनीने १२, कारण त्यात पैसे घालून नशिबाचे पॅक उघडायचे असतात आणि खेळायचा दबाव असतो. वर साताऱ्याच्या ताईंना जे सांगितलं तेच हे. आपल्याकडे कुणी ते तपासत नाही.

प्रश्न : मी २१ चा आहे, मत देऊ शकतो, लग्न करू शकतो. मग गेममधला कुठला सीन बघायचा हे दुसरं कुणी का ठरवणार? सेन्सॉर हवंच कशाला? – कोल्हापूरचा एक विद्यार्थी

मित्रा, तुझ्याशी मी सहमत आहे, अगदी पूर्ण. मोठ्या माणसासाठी गेम कापू नये. पण त्यासाठी आधी 'हा मोठ्यांचा' असं म्हणायची सोय लागते, ती नसली की काय होतं ते ऑस्ट्रेलियाने बघितलंय. तिथे सिनेमाला १८ चा वर्ग होता, गेमला सगळ्यात वरचा वर्ग १५ चा. १५ मध्ये न बसणारा गेम थेट नाकारायचा, मग खेळणारा चाळीस वर्षांचा असला तरी. २००९ मध्ये लेफ्ट ४ डेड २ असाच नाकारला, मग कापून विकला. हा नियम बदलायला सगळ्या राज्यांच्या ॲटर्नी जनरलचं, म्हणजे कायद्याचं खातं बघणाऱ्या मंत्र्यांचं, एकमत लागायचं आणि दक्षिण ऑस्ट्रेलियाचे मायकल ॲटकिन्सन कितीतरी वर्षं अडून बसले होते. शेवटी १ जानेवारी २०१३ पासून गेमलाही १८ चा वर्ग मिळाला, आणि पुढच्याच वर्षी तो न कापलेला लेफ्ट ४ डेड २ तिथे रीतसर पास झाला.

आणि कोण कशाला घाबरतं ते बघायचं असेल तर २००८ चा फॉलआउट ३ घे. अणुयुद्धानंतरच्या अमेरिकेतला गेम. ऑस्ट्रेलियाने आधी नाकारला, का, तर त्यात मॉर्फिन या खऱ्या औषधाचं नाव होतं, मग कंपनीने ते 'मेड-एक्स' केलं आणि जगभर तेच राहिलं, म्हणजे तू आज कोल्हापुरात खेळशील त्यातही. जपानमध्ये मॉर्फिनपेक्षा बॉम्बचा प्रश्न मोठा. त्यात एका गावाच्या मधोमध न फुटलेला अणुबॉम्ब पडलेला असतो आणि तो फोडायची सुपारी देणारा एक माणूस भेटतो, जपानी आवृत्तीत तो माणूसच काढून टाकला. 'फॅट मॅन' नावाचं एक हत्यार होतं, त्याचंही नाव बदललं, कारण फॅट मॅन हे नागासाकीवर टाकलेल्या बॉम्बचं नाव. इथे मात्र मला कात्रीचा राग येत नाही रे. ज्यांच्या घरातली माणसं त्यात गेली त्यांच्या हातात ते बटण करमणूक म्हणून द्यावं का, यावर मी अजून ठाम नाही. आणि भारतात? मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्सवरचा तो गेम 'सांस्कृतिक भावना' म्हणून इथे आणलाच नाही. नेमकं काय खटकलं ते सांगितलं नाही, पण त्यात दोन डोक्यांच्या गायी आहेत आणि त्यांना 'ब्राह्मिन' म्हणतात, त्यावरून लोकांनी काय ते ओळखलं.

मला सगळ्यात जास्त हे आपल्याकडचंच टोचतं. ऑस्ट्रेलियात निदान नाकारल्याचा कागद होता, त्यावर भांडता आलं. आपल्याकडे सिनेमाला सेन्सॉर बोर्ड, २०२३ च्या दुरुस्तीने यूए ७, १३, १६ असे वर्गही झाले, ओटीटीला २०२१ चे नियम, ऑनलाइन गेमिंगचा २०२५ चा कायदा आला तो मुख्यतः पैसे लावून खेळायच्या गेमवर. गेममधल्या हिंसेला वयाचा वर्ग देणारं सरकारी कुणीच नाही. मग एकतर सगळ्यांना सगळं मिळतं, नाहीतर एका रात्रीत बंदी. मधलं काही नाही. तू भांडणार असशील तर या मधल्यासाठी भांड.

प्रश्न : मारामारीचे गेम खेळून मुलं खरंच हिंसक होतात का? एका वाक्यात सांगा. – पुणे

गुन्हेगारीसारखी खरी हिंसा गेममुळे होते असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही, पण ओरडणं, ढकलाढकली, चिडचिड याच्याशी थोडा संबंध दिसतो, असं अमेरिकेच्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने, एपीएने, २०२० मध्ये स्पष्ट म्हटलंय, त्यामुळे मुलगा खेळतो म्हणून तो उद्या कुणाला मारेल ही भीती मनातून काढा, आणि गेम बंद केल्यावर तो दार आपटतो का, जेवताना बोलतो का, झोप किती होते, एवढं रोज बघा. (वाक्य लांबलं, पण एकच आहे.)

प्रश्न : नातवाला दहावा वाढदिवस म्हणून प्लेस्टेशनचा गेम द्यायचा आहे. दुकानदार म्हणतो हा जीटीए घ्या, सगळी मुलं हाच नेतात. मला यातलं काही कळत नाही, डब्यावर कुठे बघू? – एक आजी, ठाणे

आजी, जीटीए अजिबात घेऊ नका, तो गुन्हेगार होऊन खेळायचा गेम आहे. जीटीए ५ ला युरोपात १८, जर्मनीत १८, ऑस्ट्रेलियात १८, जपानमध्ये सगळ्यात वरचा झेड. बाकी कशावरही न जुळणारे हे देश यावर एकमताने १८ म्हणतात. दुकानात गेलात की डब्याच्या पुढच्या बाजूला खालचा कोपरा बघा, तिथे बहुतेक वेळा चौकोनात आकडा असतो. ३ किंवा ७ असेल, मागे हिरवा रंग असेल, तर बिनधास्त घ्या. मग डबा उलटा करा, मागे छोटी काळी चित्रं असतात, मूठ म्हणजे मारामारी, सुई म्हणजे नशा, फासे म्हणजे जुगार. चष्मा घेऊन जा, चित्रं फार बारीक छापतात. आणि डब्यावर आकडाच दिसला नाही तर दुकानदाराला दुसरा दाखवायला सांगा.