वाचक विचारतात : फडताळातली जुनी पुस्तकं

प्रश्न : आजोबांच्या फडताळातून पन्नासेक पुस्तकं निघाली. घरी साबण आणि शाई करण्याची कृती, नाडीपरीक्षा, स्वप्नांचे अर्थ, असले विषय. बहुतेकांची पहिली पानं गळालेली. वर्ष कसं ठरवायचं? – नौपाडा, ठाणे

उत्तर : आधी किंमत शोधा, मलपृष्ठावर नाहीतर शेवटच्या जाहिरातींत ती सापडते. ‘रु. १-८-०’ म्हणजे रुपये-आणे-पै, म्हणजे छपाई बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीची. ‘नये पैसे’ असेल तर १९५७ ते १९६४. किंमतीवर चिठ्ठी डकवलेली असेल तर उजेडासमोर धरून खालचा आकडा वाचा. शिल्लक प्रती पुढे नव्या किंमतीला विकत, त्यामुळे चिठ्ठी फसवते.

मग प्रकाशकाचा पत्ता. नुसतं ‘मुंबई ४’ असेल तर पुस्तक बहुधा ऑगस्ट १९७२ आधीचं; सहा आकडी पिनकोड त्यानंतरचा. ‘घरांत’, ‘नाहीं’ असे न उच्चारले जाणारे अनुस्वार १९६२ च्या लेखननियमांनी काढले, पण काही छापखाने नंतरही ते देत राहिले. म्हणून अनुस्वार हा दुय्यम पुरावा.

प्रस्तावनेखाली शक असेल तर काम सोपं. शकात ७८ मिळवा. १ जानेवारी ते गुढीपाडव्याआधीची तिथी असेल तर ७९. ‘फाल्गुन शके १८५६’ म्हणजे १९३५. इथेच लोक एका वर्षाने चुकतात. रद्दीत घालण्याआधी १८९३ पासूनच्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात त्यांच्याकडे प्रत आहे का, ते विचारा. साबण-शाईची पुस्तकं कथा-कादंबऱ्यांइतकी कुणी जपत नाही.

प्रश्न : पानांत चंदेरी किडे आहेत, बुरशीचा वासही येतो. उन्हात ठेवू का? – नेरुळ

उत्तर : ऊन नको, पिवळा कागद आणखी ठिसूळ होतो. ते किडे म्हणजे कसर. तिला बांधणीची खळ आवडते, म्हणून पुठ्ठा आणि पाठ आधी खाल्ली जाते. पुस्तक कोरडं असेल तरच हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडू नका, नाहीतर गार कागदावर पाणी धरतं. एवढ्याने कसर मरते, बुरशी मात्र नुसती झोपते. पुस्तक सावलीत पंख्याखाली वाळवा, मग घराबाहेर मास्क लावून मऊ ब्रशने बांधणीकडून कडेकडे झाडा. फडताळ बाहेरच्या भिंतीपासून निदान पाच सेंटिमीटर पुढे ओढा. पावसाळ्यात ओल तिथूनच येते. डांबरगोळ्यांनी बुरशी जात नाही, कपाटाला वास तेवढा राहतो.

प्रश्न : फाटलेल्या पानांना सेलोटेप चालेल? – कळवा

उत्तर : नाही. गोंद पिवळा पडून कागदात मुरतो आणि पान टेपच्या कडेला पुन्हा फाटतं. जपानी टिश्यू (दुरुस्तीचा पातळ पण चिवट कागद) आणि गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ वापरा. बाइंडर खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. जुन्या कागदाला ते घालू देऊ नका.